कागदांचे वीस गुण: कॅलिफोर्नियातल्या एका नर्सिंग प्रवेशाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या भाचीचं, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या मुलीचं. तिच्या परवानगीने लिहितेय. तिचं नाव आणि कॉलेजचं नाव देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. मी स्वतः कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात नर्स आहे आणि बरीच वर्षं आमच्या मराठी मंडळातल्या मुलींना या प्रवेशाबद्दल जमेल तसं सांगत आले आहे. घरच्याच मुलीच्या बाबतीत मी दोन ठिकाणी चुकीचा सल्ला दिला. तो कुठे चुकला हे लिहून ठेवायला हवं, म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

भाची सांगलीची. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली, तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोन वर्षं काम केलं आणि २०१३ मध्ये लग्न होऊन इकडे आली. जावई सॉफ्टवेअरमध्ये. एच-४ म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर पगाराचं काम करता येत नाही. त्यात दोन मुलं झाली. धाकटा २०२१ मध्ये शाळेत जायला लागला, तेव्हा एका रविवारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "मावशी, मला नर्सिंग करायचंय. लॅबमध्ये मला माणसं लेबलवर भेटायची, नाव, वय आणि वॉर्ड. ती पुढे बरी झाली की नाही, ते कधी कळायचंच नाही."

रस्ता कम्युनिटी कॉलेजचाच निवडायचा, यात दुमत नव्हतं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर्स फी पडते. पाच युनिटांचा ॲनॅटॉमीचा विषय २३० डॉलर्समध्ये होतो. नर्सिंगची असोसिएट पदवी दोन वर्षांची, चार सेमिस्टरची. शेवटी एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा द्यायची. चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवी, केलेल्या मुलीही हीच परीक्षा देतात आणि परवानाही तोच मिळतो. इतक्या कमी खर्चात इतकी पक्की नोकरी म्हटल्यावर गर्दी होणारच.

जागा मात्र वाढत नाहीत. वर्गात खुर्च्या वाढवता येतील, पण रुग्णालयाच्या वॉर्डात एका शिक्षिकेमागे साधारण दहाच विद्यार्थी सांभाळता येतात, आणि तो वॉर्ड मिळवण्यासाठी आसपासच्या सगळ्या कॉलेजांची ओढाताण चालू असते. त्यातच वॉर्डातल्या नर्सला शिक्षिकेपेक्षा जास्त पगार मिळतो, त्यामुळे शिकवायला येणाऱ्याही कमीच. भाचीच्या कॉलेजात वर्षाला चाळीस जागा होत्या.

नर्सिंगला अर्ज करण्याआधीच बरेच विषय पुरे करावे लागतात. ॲनॅटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तीन प्रयोगशाळेसह, त्यांच्याआधी रसायनशास्त्र, शिवाय इंग्रजी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र वगैरे. सांगलीतली मायक्रोबायॉलॉजी या कॉलेजला चालत नव्हती. विज्ञानाचे विषय अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजातच केलेले हवेत, असा त्यांचा नियम. ज्या मुलीने जंतू ओळखण्यासाठी शेकडो स्लाइड्सवर ग्रॅम स्टेन केला, तिने पुन्हा पहिल्या बाकावर बसून क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन हा क्रम वहीत उतरवून घेतला. ती कुरकुरली नाही. मला मात्र वाईट वाटलं.

खरा प्रश्न कुठे होता

आपल्याकडे प्रवेश म्हटलं की डोळ्यांपुढे मेरिट लिस्ट येते. मार्क चांगले असले की नंबर लागतो. भाची त्याच हिशेबाने चालली होती आणि मीही. पण इथे प्रत्येक कॉलेजची निवडपद्धत वेगळी असते. काही कॉलेजं किमान पात्रता तपासून सरळ चिठ्ठ्या टाकतात. काही गुणांचा तक्ता वापरतात. जिथे अर्जदार जागांपेक्षा जास्त आहेत तिथे असा बहुनिकषी तक्ता वापरायची मुभा राज्याच्या शिक्षण कायद्यातच दिली आहे, आणि तक्त्यात काय काय धरावं हेही त्यात सांगितलं आहे. आधीची पदवी, विषयांतले ग्रेड, कामाचा किंवा स्वयंसेवेचा अनुभव, आयुष्यातली अडचणीची परिस्थिती, टीजसारख्या मान्य प्रवेशपरीक्षेचा गुण आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा. त्या भाषांच्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषा स्पष्ट लिहिलेल्या आहेत. म्हणजे आपल्या मराठीलाही गुण आहेत! मी इतकी वर्षं इथे आहे, पण हे कलम मी पहिल्यांदा वाचलं २०२४ मध्ये, तिचा पहिला अर्ज नाकारला गेल्यावर.

या कॉलेजचा तक्ता शंभर गुणांचा होता. विज्ञानाच्या तीन विषयांना ३०, इतर विषयांना १५, टीजला ३०, कामाच्या अनुभवाला १०, आणि पदवी, भाषा व परिस्थिती यांना प्रत्येकी ५. विज्ञानाचा एखादा विषय पुन्हा घ्यावा लागला असेल तर ५ गुण वजा. तक्ता कोणी लपवून ठेवला नव्हता. अर्जाच्या माहितीपत्रकात चौथ्या पानावर होता. आम्ही दोघींनी पहिल्या पानावरची विषयांची यादी पाहिली आणि माहितीपत्रक मिटून ठेवलं.

पहिला निर्णय: डब्ल्यू की सी?

२०२१-२२ मध्ये रसायनशास्त्र, इंग्रजी, संख्याशास्त्र, ॲनॅटॉमी असं सगळं नीट झालं. सगळीकडे ए. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये फिजिऑलॉजी चालू असताना सांगलीहून फोन आला. दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, हार्ट अटॅक आला होता. मिरजेला एका रुग्णालयात हलवलं होतं आणि बायपास करायची होती. भाची एकुलती एक. माझ्या बहिणीला इंग्रजी कागद वाचता येत नाहीत आणि अशा वेळी तिचे हातपाय गळतात. भाची तिसऱ्या दिवशी मिरजेत होती. साडेतीन आठवडे राहिली.

परत आली तेव्हा एक परीक्षा आणि तीन प्रयोग बुडालेले. गुण ६८ टक्क्यांवर आलेले. प्राध्यापकांनी एक प्रयोग भरून काढायला दिला, पण उरलेलं सगळं उत्तम केलं तरी शेवटी ७७ च्या पुढे जाता येत नव्हतं. म्हणजे सी. कोर्स सोडायची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर संपत होती.

त्या रात्री आम्ही तिच्या जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. चालू ठेवून सी घेतला तर विषय पास होतो, पण कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात सी मिळालेला विषय ग्रेड सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. तो सी कायमचा. सोडून दिला तर डब्ल्यू, म्हणजे विथड्रॉवलचा शेरा, लागतो. विषय पुन्हा घेता येतो, पण तेव्हा एका विषयाला एकूण तीनच संधी होत्या आणि डब्ल्यू ही त्यातली एक धरली जायची. जावई म्हणाले, "पास होतेय ना, मग सोडायचं कशाला? पुढे सरकू." मी म्हटलं, सोड. ए चे ४, बी चे ३, सी चे २ धरतात, म्हणून तीन विषयांत एक सी म्हणजे सरासरी ३.३३ वर येणार, आणि या गर्दीत तेवढ्यावर भागणार नाही. भाचीने डब्ल्यू घेतला.

सी न घेणं बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. पण तिसरा रस्ता होता आणि तो मला माहीतच नव्हता. त्याला एक्सक्यूज्ड विथड्रॉवल म्हणतात, प्रगतिपुस्तकावर ईडब्ल्यू असं येतं. आपल्या हातात नसलेल्या कारणामुळे, म्हणजे स्वतःचं आजारपण, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, किंवा घरात आजारपण असून मुख्य जबाबदारी विद्यार्थ्यावरच असेल तर, पुरावे देऊन हे मागता येतं. ईडब्ल्यू ही संधी म्हणून मोजली जात नाही. ही सोय २०१८ पासूनची. मी शिकले त्याच्या कितीतरी आधी, आणि मी सल्ला देत होते माझ्या काळच्या नियमांवर. कॉलेजच्या काउन्सेलरची वेळ अर्ध्या तासाची असते आणि फुकट मिळते. ती घ्यायचं आम्हाला सुचलं नाही, कारण घरात नर्स होती ना.

पहिला अर्ज

२०२३ च्या वसंतातल्या सेमिस्टरला तिने फिजिऑलॉजी पुन्हा घेतली आणि तिच्याच जोडीला मायक्रोबायॉलॉजीही. मायक्रोबायॉलॉजीत ए, फिजिऑलॉजीत बी. राहिलेले इतर विषय त्याच वर्षी उरकले.

मग टीज. ही एटीआय या कंपनीची प्रवेशपरीक्षा, १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात किमान ६२ टक्के लागतात. भाचीने डिसेंबर २०२३ मध्ये तीन आठवड्यांच्या अभ्यासावर दिली. मुलांच्या शाळेला सुट्टी लागायच्या आत उरकू, एवढाच विचार. विज्ञान आणि गणित हातचं, पण औंस, पाउंड, क्वार्ट यांच्या रूपांतरांत चार प्रश्न गेले आणि उताऱ्यांवरच्या प्रश्नांत वेळ संपला. ८१ टक्के आले. आम्ही पेढे वाटले. मग कळलं की या कॉलेजात पहिला पात्र गुणच धरतात. पुन्हा दिली तरी उपयोग नाही. ८१ ला ३० पैकी २०.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज केला. एप्रिलमध्ये पत्र आलं, निवड नाही. तिने मला फोनवर ते वाचून दाखवलं, मग म्हणाली, "मावशी, बारावीला कमी पडले होते तेव्हासुद्धा एवढं लागलं नव्हतं." यावेळी मात्र आम्ही काउन्सेलरची वेळ घेतली. त्या बाईंनी तिचा गुणतक्ता स्क्रीनवर उघडला आणि एकेक ओळ दाखवली.

विज्ञान: सरासरी ३.६७ चे २५, पुनरावृत्तीचे ५ वजा, म्हणून २०. इतर विषय १४. टीज २०. अनुभव ०. पदवी ०. भाषा ०. परिस्थिती ०. एकूण ५४. शेवटच्या घेतलेल्या विद्यार्थ्याला ७२.

आम्ही त्या चार शून्यांकडे बघत राहिलो.

पदवीचं शून्य कसं? सांगलीच्या पदवीचं मूल्यांकन तिने करून घेतलं होतं, पण साधं, फक्त पदवीची समकक्षता सांगणारं. कॉलेजला विषयवार अहवाल हवा होता आणि तोही नॅसेस या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून थेट कॉलेजात आलेला. हिने स्वतःच्या हाताने प्रत अपलोड केली होती. भाषेचं शून्य? दहावीची गुणपत्रिका जोडली होती, मराठी प्रथम भाषा म्हणून. कॉलेजचा स्वतःचा भाषा-प्रमाणनाचा फॉर्म होता, तो भरलाच नव्हता. परिस्थितीच्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नव्हतं. काउन्सेलरने विचारलं, आईवडिलांपैकी कोणी कॉलेजात गेलं होतं का? दाजी एसटीत कंडक्टर होते, बहीण सातवी शिकलेली. घरातली पहिली पदवीधर असणं हाच तिथे एक निकष होता. भाचीला त्याची लाज नव्हती, पण गुण मिळवायला आईवडिलांचं शिक्षण पुढे करायचं, हे तिच्या मनाला पटलं नव्हतं. "हे भीक मागितल्यासारखं वाटतं," ती गाडीत म्हणाली. मला यावर बोलायला वेळ लागला. मी एवढंच म्हटलं की दाजींनी तिकिटं फाडून तुला बी.एस्सी. केलं, हे सांगण्यात मागणं कुठे आलं?

आता बेरीज करून बघा. पदवी ५, भाषा ५, परिस्थिती ५, आणि ईडब्ल्यू मिळाला असता तर पुनरावृत्तीचे वजा न होणारे ५. वीस गुण. ५४ आणि २० म्हणजे ७४. त्या वर्षीची रेघ ७२ वर होती. अभ्यासात काडीचाही बदल न करता, नुसते कागद वेळेवर आणि योग्य नमुन्यात दिले असते तर ती त्याच वर्षी आत गेली असती.

समोरचे पर्याय

यावर मे महिनाभर घरात खल चालला.

जावयांचं म्हणणं, लॅबच्या परवान्याकडे वळावं. तिची पदवी मायक्रोबायॉलॉजीची, कॅलिफोर्नियात क्लिनिकल लॅब सायंटिस्टला मान आहे आणि पगारही उत्तम. सल्ला वाईट नव्हता. पण तिथेही काही विषय आणि वर्षाचं प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणाच्या जागांसाठी वेगळी रांग. मुख्य म्हणजे तिला नळ्यांवरच्या लेबलांकडे परत जायचं नव्हतं. हा पर्याय दोन दिवसांत मिटला.

खाजगी कॉलेजचा पर्याय जास्त दिवस रेंगाळला. तिथे गुणांची अशी चुरस नसते आणि प्रवेश लगेच मिळू शकतो. काही ठिकाणी पूर्ण खर्च एक लाख डॉलर्सच्या वर जातो. एका ठिकाणाहून रोज फोन यायचे. मी फक्त दोन प्रश्न विचारायला सांगितले. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, आणि एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात किती टक्के उत्तीर्ण होतात. दुसरं उत्तर बोर्डाच्या संकेतस्थळावरच असतं, त्यासाठी कोणाच्या गोड बोलण्यावर जायला नको. मान्यता होती, निकालही बरा होता. पण घराचा हप्ता भरत असताना एवढं कर्ज डोक्यावर घ्यायचं, तेही ५४ चे ७४ नुसत्या कागदांनी होऊ शकतात हे कळल्यानंतर? तिने नाही म्हटलं.

आधी एलव्हीएन (लायसेन्स्ड व्होकेशनल नर्स, नर्सिंगची खालची पायरी), मग पुढे आरएन (रजिस्टर्ड नर्स), हाही रस्ता होता. ज्यांना लवकर कमाई हवी त्यांना तो चांगला. हिला त्यात एकूण काळ जास्त लागला असता.

मग उरलं ते पुन्हा अर्ज करणं, या कॉलेजात आणि सोबत इतरही दोन कॉलेजांत. पहिल्या वर्षी तिने एकाच ठिकाणी अर्ज केला होता, कारण ते घरापासून दहा मिनिटांवर होतं.

काय केलं

सगळ्यात आधी ईडब्ल्यूची विनंती. या कॉलेजात जुन्या सेमिस्टरसाठीही ती करता येत होती. दाजींचं डिस्चार्ज कार्ड, विमानाची तिकिटं आणि एक पत्र असं दिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. आजार वडिलांचा आहे, विद्यार्थिनी मुख्य काळजीवाहू होती याचा पुरावा काय?

हा पुरावा काढायला बहिणीने मिरजेला चार चकरा मारल्या. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून शेवटी बायपासच्या संमतीपत्राची प्रत मिळाली. खाली निळ्या शाईत भाचीची सही, तारीख, आणि "रुग्णाशी नाते" या रकान्यात तिच्याच अक्षरात "मुलगी". रक्ताच्या बाटल्यांच्या मागणीवर, आयसीयूच्या भेटीच्या पासवर, बिलाच्या पावत्यांवर, सगळीकडे तीच सही. तिला त्या सह्या केल्याचं आठवतही नव्हतं. मी इथे रोज नातेवाइकांकडून संमतीपत्रावर सह्या घेते. तो कागद पुढे असा कुठे उपयोगी पडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. दीड महिन्याने डब्ल्यूच्या जागी ईडब्ल्यू आला.

पदवीच्या विषयवार अहवालासाठी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट सीलबंद लिफाफ्यात मूल्यांकन संस्थेकडे जावी लागते. ते काम दाजींनीच केलं, बरे झाल्यावर, एसटीने. जूनमध्ये सुरू केलं, अहवाल ऑक्टोबरमध्ये कॉलेजात पोचला. जानेवारीत सुरू केलं असतं तर पुन्हा उशीर झाला असता.

भाषेसाठी कॉलेजचा फॉर्म, दहावीची गुणपत्रिका आणि आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकांचं पत्र. भाची तिथे दोन वर्षं पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवत होती.

उरला अनुभव. ग्रीन कार्ड आल्यामुळे आता काम करता येत होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने सीएनएचा, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा, कोर्स केला. कॅलिफोर्नियात तो किमान १६० तासांचा, त्यात १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. नंतर एका नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवार कामाला लागली. इथे घरातून विरोध झाला. बी.एस्सी. झालेली मुलगी लोकांचे डायपर बदलणार, हे बहिणीला सांगलीत बसून सहन होईना. फोनवर रडली. भाचीने आईला समजावलं नाही, एका आजींबद्दल सांगितलं. पक्षाघात झालेल्या, कुशीवर वळवताना रोज ओरडायच्या. भाचीने वळवायच्या आधी त्यांच्या दुखऱ्या हाताखाली उशी ठेवायला सुरुवात केली आणि त्या ओरडायच्या थांबल्या. "आई, एवढंच होतं गं. उशी." त्यानंतर बहीण काही बोलली नाही.

अर्जाच्या तारखेपर्यंत तासांचे ६ गुण झाले.

निकाल

फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन अर्ज गेले. चिठ्ठीवाल्या कॉलेजात नाव निघालं नाही. दुसरीकडे प्रतीक्षायादी. आणि पहिल्या कॉलेजात पदवी ५, विज्ञान २५, इतर १४, टीज २०, अनुभव ६, भाषा ५, परिस्थिती ५. एकूण ८०. निवड झाली.

त्या वर्षी रेघ ७६ वर गेली होती. आदल्या वर्षी ७४ पुरले असते, या वर्षी नसते पुरले. म्हणजे दुसऱ्या वेळी नुसत्या कागदांनी भागलं नसतं. नर्सिंग होममधल्या त्या शनिवार-रविवारांनी तिला आत नेलं. अर्जदार वर्षागणिक हुशार होत जातात, तेही तक्ता वाचतात.

निवडीनंतरची एक गोष्ट आपल्या सगळ्या मुलींसाठी सांगते. प्रवेश पक्का होण्याआधी पार्श्वभूमी तपासणी, लसींचे पुरावे आणि टीबीची चाचणी असते. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची हातावरची चाचणी पुष्कळदा उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग एक्स-रे, पत्रं, धावपळ. रक्ताच्या इग्रा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. आम्ही पहिल्यापासून रक्ताचीच मागितली आणि दोन दिवसांत काम झालं. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या लसींची जुनी कार्डं सांगलीत सापडली नाहीत, तेव्हा रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली.

ती आता दुसऱ्या सेमिस्टरला आहे. इथली बरीच रुग्णालयं नोकरी देताना बीएसएनला झुकतं माप देतात, म्हणून त्या पदवीची सोय आतापासूनच बघून ठेवली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला विषय घेण्याआधी तीन कॉलेजांचे तक्ते समोर ठेवू. एका कॉलेजचा नाही. कारण एका ठिकाणी पहिला टीज धरतात, दुसरीकडे सर्वांत चांगला. एका ठिकाणी जुनं विज्ञान चालत नाही, दुसरीकडे वर्षांची अट नाही. कोणत्या कॉलेजसाठी आपण तयारी करतोय हे ठरल्याशिवाय टीजची तारीख घ्यायची नाही. तीन आठवड्यांच्या घाईने गेलेले गुण आम्हाला या कॉलेजात पुन्हा कधीच मिळवता आले नाहीत.

भारतातल्या पदवीचा विषयवार अहवाल पहिल्याच सेमिस्टरला मागवू. त्याची मुदत आपल्या हातात नसते.

घरात काही मोठं घडलं तर आधी काउन्सेलरला ईमेल, मग निर्णय. ईमेलच, कारण उत्तर लेखी राहतं. आणि आजारपणाचे कागद, तिकिटं, सह्या असलेल्या पावत्या, सगळ्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवायचे. अशा वेळी ते सुचणार नाही, म्हणून बरोबरच्या कोणीतरी काढायचे.

एका बाबतीत मात्र भाचीचं आणि माझं अजून जुळत नाही. फिजिऑलॉजी दुसऱ्यांदा घेताना तिच्या जोडीला मायक्रोबायॉलॉजी घे, म्हणजे वर्ष वाचेल, असं मीच सांगितलं होतं. घरी दोन लहान मुलं, दाजींची काळजी, आठवड्याला दोन प्रयोगशाळा. तो बी तिथे लागला. फिजिऑलॉजी पुढच्या सेमिस्टरला एकटीच घेतली असती तर ए मिळाला असता आणि ते पाच गुण कुठे गेले नसते, असं मला वाटतं. ती म्हणते, "नाही मावशी. बाबा आयसीयूत असताना मॉनिटरवर जे दिसत होतं, ते डोक्यात ताजं होतं. तेव्हाच उरकायला हवं होतं. आणखी सहा महिने थांबले असते तर ते पुस्तक मी पुन्हा उघडलंच नसतं." ती हे म्हणते तेव्हा मला उत्तर सुचत नाही. पण पुढच्या मुलीने विचारलं तर मी तिला दोन्ही एकत्र घे, असं सांगणार नाही.